दोन उकळ्या

नाशिक, मंगळवार, २२ एप्रिल २०२५

अण्णा,

खुशाली तुमच्या धाकटीकडून, शुभांगीकडून कळते, त्यामुळे ती विचारण्यात वेळ घालवत नाही. फोन तुम्ही उचलत नाही. दोन वर्षं चार महिने उचललेला नाही, आणि परवापासून मी अकरा वेळा लावला. म्हणून कागद. हा माझ्या प्रयोगशाळेतला सुनील आणून देईल. तो रोज सिन्नरहून मोटरसायकलने जाऊन-येऊन असतो आणि आपल्या गावाच्या फाट्याला वळायला त्याची हरकत नाही. त्याला चहा द्या. त्याच्यावर राग काढू नका, तो नात्यातला नाही.

रविवारी रंगनाथ तात्यांच्या नातवाच्या जावळाचं जेवण तुम्ही केलंत. साडेबाराला पहिली पंगत बसली. तीनच्या सुमारास पहिली उलटी झाली आणि पाच वाजेपर्यंत चौसष्ट माणसं आडवी होती. चौघांना सिन्नरला नेऊन सलाइन लावावं लागलं. सोमवारी सगळे घरी आले. ताप कोणालाच नव्हता. कोणी दगावलं नाही, हे आपलं नशीब.

आता कामाचं. आचाऱ्याने घरी न्यायचा डबा तुम्ही नेहमीप्रमाणे नेलेला आहे आणि त्यातली बासुंदी अजून फ्रीजमध्ये आहे, असं शुभांगी म्हणते. त्या दिवशी घरात कोणाला भूकच राहिली नव्हती म्हणून उरली. तो डबा टाकू नका, चाखू नका, तसाच सुनीलकडे द्या. दिवसभर लोकांचं अन्न तपासणं हाच माझा धंदा आहे. एकदा आपल्या घरचं तपासते.

दुसरं. तुमच्या उजव्या तर्जनीला नखुरडं झालंय आणि तुम्ही त्यावर आठ दिवस लिंबू घालून फिरताय, असंही कळलं. लिंबाबद्दल माझं मत मी राखून ठेवते. शनिवारी संध्याकाळी बासुंदी चुलीवरून उतरवल्यावर तुम्ही कढईच्या कडांची साय हाताने सोडवून आत घातली असणार. हातसायीच्या बासुंदीसाठीच लोक तुम्हाला बोलावतात. साय सोडवताना लिंबू बोटात होतं की काढलेलं होतं? एवढंच सांगा.

सृष्टी

ता. क. हे मी चार लोकांत विचारत नाहीये, बंद पाकिटात विचारतेय. फरक लक्षात घ्यावा.


नाशिक, शुक्रवार, २५ एप्रिल

अण्णा,

डबा मिळाला. बरोबर शुभांगीचा निरोपही मिळाला, की अण्णांनी पाठवायच्या आधी पुन्हा उकळून दिलाय, वाटेत खराब व्हायला नको.

मी तो निरोप दोनदा ऐकला. तपासायचा नमुना होता तो. पंचनाम्याला माणसं यायच्या आधी तुम्ही घर झाडून, सडा घालून ठेवलंत. मी नमुन्याच्या नोंदीत "तीनदा उकळलेला" असं लिहिलं. साहेबांनी वर पाहून विचारलं, "तीनदा कशासाठी?" मी म्हटलं, आचारी काळजी घेणारे आहेत.

सोबत तुम्ही न सांगता पाठवलेल्या दुसऱ्या डब्यात जे होतं ते नमुन्यांच्या वहीत घेतलेलं नाही.

लिंबाचं उत्तर मी शुभांगीने सांगितलं तसंच उतरवून ठेवलंय. "लिंबू काढलं व्हतं. लिंबाच्या हातानं दूध नासत नाय का? येवढी शिकली अन् येवढंबी कळंना." तर लिंबू काढलं होतं, दूध नासू नये म्हणून. दूध खरोखरच नासलं नाही. नासलं असतं तर तुम्ही ते ओतून दिलं असतं आणि चौसष्ट माणसं घरी धडधाकट गेली असती.

आता त्या दुसऱ्या कागदाबद्दल, ज्याचा फोटो सबंध गावाच्या मोबाइलवर फिरतोय. रंगनाथ तात्यांनी सोमवारी पाणी, बासुंदी आणि मठ्ठा सिन्नरच्या एका लॅबमध्ये दिला. काल अहवाल आला. पाणी ठीक. बासुंदीत जंतूंची वाढ नाही. मठ्ठ्यात जंतू अमाप. यावरून तात्यांनी, म्हणजे आपल्या उपसरपंचांनी, मठ्ठ्याने विषबाधा झाली असा निकाल दिला आणि मठ्ठ्याचं ताक कुसाबाईंचं होतं.

मठ्ठ्यात जंतू अमाप असतात, अण्णा. जंतू नसते तर ते दूध राहिलं असतं. ताक जंतूच करतात, कुसाबाई फक्त घुसळतात. हे त्या लॅबने अहवालात लिहायला हवं होतं. ते लिहायला त्यांना कोणी सांगितलं नाही म्हणून त्यांनी लिहिलं नाही. वाचणाऱ्यांनी शून्य म्हणजे चांगलं आणि अमाप म्हणजे वाईट असं वाचलं.

आपल्या गल्लीच्या टोकाला ही बाई दोन म्हशींवर घर चालवते. आई गेली तेव्हा तेरा दिवस आपल्याकडे दुधाचा तांब्या न सांगता तिच्याकडून यायचा. काल संध्याकाळी दूध केंद्रावर तिचं दूध घेतलं नाही. रतीब बंद झाले. एक मेच्या ग्रामसभेत तिने गावात दूध-ताक विकायचं नाही असा ठराव आणायचा म्हणतात. तुम्ही काय म्हणालात? शुभांगी म्हणते, एवढंच म्हणालात, "कागद बोलतोय. म्या कशाला बोलू."

मी शुभांगीला घरोघर पाठवून कोणी काय खाल्लं ते लिहून आणवलंय. त्यात भिका बाबांचं नाव आहे. त्यांना साखर, म्हणून त्यांनी बासुंदीला हात लावला नाही. ते शुभांगीला म्हणाले, "म्या तीन गिलास मठ्ठा पिलो. मला काय बी नाय झालं. पण मला कोण इचारतं? मी काय कागद हाय?"

आणि एक. जंतू पोटात जाऊन, तिथे वाढून त्रास द्यायला बहुधा रात्र तरी जाते. इथे अडीच तासांत उलट्या सुरू झाल्या. विष ताटात वाढण्याआधीच तयार होतं. जंतूंनी आपलं काम आधीच उरकलेलं होतं.

सृष्टी


नाशिक, सोमवार, २८ एप्रिल

अण्णा,

बासुंदीत विष आहे.

नीट सांगते. जिवंत जंतू नाहीत, त्या बाबतीत सिन्नरच्या लॅबचं बरोबर आहे. पण थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर मेलेले जंतू ढिगाने दिसतात, गोल गोल आणि घडाघडाने. या जंतूचं नावच द्राक्षाच्या घडावरून पडलंय. नाशिकच्या मुलांना ते पाठ करावं लागत नाही. उकळून मेलेत, पण घड सुटलेले नाहीत. नंतर विषाची वेगळी चाचणी लावली. ती पॉझिटिव्ह आली, मी पुन्हा लावली, पुन्हा आली.

तुम्ही शुभांगीकडून विचारलंत, "जंतू मेलं तर इष कुठनं आलं? मेल्याली कोंबडी अंडं देती का?" प्रश्न चांगला आहे. मेलेली देत नाही. पण मरायच्या आधी घातलेलं अंडं टोपलीत असतंच.

हा जंतू विष कसं बाहेर टाकतो ते सांगते, कारण सगळी गडबड तिथेच आहे. तुमचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. जंतूच्या आत विष तयार होतं ते सैल धाग्यासारखं. त्या रूपात ते कोणाचं काही बिघडवू शकत नाही. धाग्याच्या टोकाला एक छोटा तुकडा असतो, बाहेर जायच्या चिठ्ठीसारखा. जंतूच्या अंगावरच्या पापुद्र्यात बारीक दारं असतात. दार ती चिठ्ठी ओळखतं आणि धागा सरळ ओढून बाहेर ढकलतं, सोऱ्यातून शेव पडावी तसं. जाताना चिठ्ठी कापली जाते. बाहेर पडल्यावर तो धागा स्वतःभोवती वळतो, घट्ट गुंडी होते, आणि ती गुंडी म्हणजे विष. ती इतकी घट्ट बसते की उकळीने थोडी कमी होते, संपत नाही. पोटातल्या आम्लालाही दाद देत नाही.

म्हणजे शेव पडून गेल्यावर तुम्ही सोऱ्या फोडलात. दोनदा फोडलात, मग माझ्याकडे पाठवताना तिसऱ्यांदा. शेव परातीत होतीच. (दाखला एका ठिकाणी लंगडा आहे. शेव तळून कडक होते, हे विष नुसतं वळूनच. पण तुम्हाला समजण्यापुरता चालेल.)

सगळे जंतू असे नसतात. काही जंतूंकडे सुई असते, ते आतड्याच्या पेशीला चिकटून विष थेट आत टोचतात. त्यांना आपल्या पोटात जिवंत पोहोचावं लागतं. ते उकळले की विषय संपला. हा तसा नाही. हा दुधातच विष सोडून मोकळा होतो, मग तो जगला काय आणि मेला काय.

शनिवारी सात वाजता बासुंदी उतरवलीत. रविवारी अकराला पुन्हा चुलीवर चढवलीत. मधले सोळा तास ती पत्र्याच्या शेडमध्ये होती, एप्रिलमध्ये, सिन्नरला. एवढ्या वेळात नखुरड्यातल्या टाचणीच्या टोकाएवढ्या पुवातून हवी तेवढी शेव पडते.

आता मला तुमच्या बोटाचा नमुना हवा आहे. पाकिटात कापसाची काडी असलेली नळी आहे. नखुरड्यावर फिरवून नळीत बंद करायची, बस. उकळायची नाही. मुद्दाम लिहितेय.

शुभांगीला मी हे फोनवर आधी सांगितलं होतं. तुमचं उत्तर आलं, "सांग तिला, बोट माझं हाय. अन् उकळ्यांचं तिलाच इचार."

उकळ्यांचं नंतर लिहीन.

सृष्टी


नाशिक, बुधवार, ३० एप्रिल

अण्णा,

काल सकाळी सुनीलने नळी आणून दिली. तुम्ही त्याला दोन वेळा चहा दिलात, असं म्हणाला. नळी उकळलेली नव्हती. आभार.

तोच जंतू आहे, आणि तो तेच विष सोडतो. बासुंदीचा नमुना पंगतीतून नाही तर घरच्या फ्रीजमधून आलेला, त्यामुळे कोर्टात टिकणार नाही. ग्रामसभेत टिकेल. हेही लिहून ठेवते की हा जंतू निरोगी माणसांच्या नाकात, हातावर सर्रास असतो. माझ्या नाकात आहे. कॉलेजात तपासला होता. त्यामुळे बोटात जंतू निघाला यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटायची तर मधले सहा दिवस गप्प बसल्याची.

उकळ्यांचं.

नऊ वर्षांपूर्वी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, मी दिवाळीत घरी आले होते. तुम्ही मागच्या अंगणात पातेली घासत होता. मी चार महिन्यांचं सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आले होते आणि मला सगळं येत होतं. मी म्हटलं, "अण्णा, रात्रीचं काही वाढायचं असेल तर आधी दोन उकळ्या देत जा. उकळलं की जंतू मरतात, मग कशाचीच भीती नाही." तुम्ही विचारलंत, "कशाचीच नाय?" मी म्हटलं, "कशाचीच नाही."

मला आठवत नाही असं सांगता आलं असतं. मंगळवारी पहिलं पत्र लिहायला बसले तेव्हाच आठवलं होतं. तरी तीन पत्रांत तुमच्या बोटाबद्दल लिहिलं आणि हे लिहिलं नाही.

त्याआधी तुम्ही कधी शिळी बासुंदी वाढत नव्हता. पहाटे करून दुपारी वाढायचात, आणि उरली तर गुरांना. मी उकळ्यांचं सांगितल्यावर तुम्हाला आदल्या संध्याकाळी करून ठेवायची सोय झाली. तेव्हापासून प्रत्येक पंगतीत, प्रत्येक यजमानाला, तुम्ही पळी वर धरून सांगत आलात, "दोन उकळ्या दिल्यात. माझी पोरगी सायन्सला हाय, तिनं सांगितलंय." लोक तुमची नक्कल करतात. शुभांगी फार छान करते.

मग दोन वर्षांपूर्वी इंदिरानगरच्या त्या मंगल कार्यालयात मी तुम्हाला म्हटलं, "साय काढायच्या आधी हात धुवा, मोजे घाला." यजमान होते, त्यांचे व्याही होते. तुम्ही म्हणालात, "बापाच्या हाताला घाण म्हणती, चालती हो." मी चालती झाले. घाण असा शब्द मी वापरला नव्हता. पण चार लोकांत बोलले, ही माझी वेगळी चूक, तिची नोंद इथे करते.

म्हणजे मी तुम्हाला आयुष्यात दोनच गोष्टी शिकवल्या. त्यातली अर्धवट होती ती तुम्ही नऊ वर्षं देवाच्या आरतीसारखी पाळलीत. पूर्ण बरोबर होती ती त्याच दिवशी कार्यालयाबाहेर टाकलीत. याला काय म्हणावं मला कळत नाही. मला याचा इतका संताप येतो की प्रयोगशाळेत काचेची भांडी मी सध्या दुसऱ्याला धुवायला देते.

उद्या ग्रामसभा आहे. सोबत एक पान टाइप करून जोडलंय. मोठ्या अक्षरात, तुमचा चष्मा न लागता वाचता येईल असं. कुसाबाईंच्या ताकाचा दोष नाही आणि का नाही, हे त्यात आहे. बोटाचं आहे. शेवटून दुसरं वाक्य असं आहे: "उकळल्यावर कशाचीच भीती नाही हे मला माझी मुलगी सृष्टी हिने सांगितलं होतं, आणि ते अपुरं होतं." ते वाक्य गाळू नका. ते नसेल तर लोकांना वाटेल, केरू आचारी मुद्दाम शिळं उकळून खपवत होता. तुमच्या हाताला यापुढे कोणी पंगत देणार नाही.

मी स्वतः आले असते. पण उद्या मी येऊन बोलले, तर मागच्यासारखं होईल. बाप गप्प आणि पोरगी चार लोकांत शहाणी. हे तुम्हीच वाचायला हवं. न वाचलंत तर परवा कुसाबाईंच्या म्हशी बाजारात जातील. शुभांगी म्हणते, गिऱ्हाईक पाहून गेलंय.

सृष्टी


नाशिक, शनिवार, ३ मे

अण्णा,

शुभांगीने ग्रामसभेचं सगळं सांगितलं. दोन फोन लागले, कारण पहिल्यात ती मधेच रडायला लागली आणि मला रडणाऱ्या माणसाकडून माहिती घेता येत नाही.

तुम्ही ठराव यायच्या आधीच उभे राहिलात. पान वाचलंत. चष्मा लावूनच वाचलंत. बोट वर करून दाखवलंत, लिंबासकट. मागून कोणीतरी म्हणालं, "आता सरबत करा," आणि सभा हसली, आणि तुम्ही हसू ओसरेपर्यंत थांबून पुढची ओळ वाचलीत. मठ्ठ्यातले जंतू आणि बासुंदीतलं विष, सोऱ्याची शेव, सगळं नीट सांगितलंत. सोऱ्याचं तर म्हणे माझ्यापेक्षा चांगलं, हातवारे करून. भिका बाबा उठले, "तीन गिलास" म्हणाले, आणि या वेळी ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

मग रंगनाथ तात्यांनी विचारलं, "पर केरू, तू तर उकळ्या दिल्या व्हत्या. तूच सांगतो ना दरसाल, पोरगी सांगती म्हणून?"

तुम्ही म्हणालात, "पोरीचं काय नाय त्यात. ती लहान व्हती, ती काय सांगंल. माझ्याच डोक्यातलं खूळ ते."

शेवटून दुसरं वाक्य तुम्ही वाचलं नाहीत.

ठराव आला नाही. शुक्रवारी सकाळी केंद्राने कुसाबाईंचं दूध घेतलं. त्या सभेतून निघताना तुमच्यापाशी थांबल्या, म्हणे. "आठ दिस म्हशीला कळंना, ही दूध काढून वतती कुठं," एवढंच म्हणाल्या. माफी मागायची तुम्हाला संधीसुद्धा दिली नाही. मग म्हणाल्या, "बोट दाखव." पाहिलं आणि म्हणाल्या, "लिंबानं नाय जायाचं हे. पोरीला दाखव."

आणि काल वैशाखातल्या दोन लग्नांच्या यजमानांनी येऊन तुमची पंगत रद्द केली. शुभांगी म्हणते, तुम्ही त्यांना पाणी दिलंत आणि दुसऱ्या आचाऱ्याचा नंबर दिलात.

मी तुम्हाला लिहिलं होतं, अण्णा. अगदी या शब्दांत लिहिलं होतं. एकशे वीस शब्दांचं पान, त्यातलं एक वाक्य गाळू नका म्हणून आधीच्या पत्रात कारणासहित लिहिलं होतं. तुम्ही ते वाक्य नेमकं उचलून बाजूला ठेवलंत, दुधावरची साय काढल्यासारखं.

नऊ वर्षं कोणी विचारलं नसताना तुम्ही पंगतीपंगतीत माझं नाव घेतलंत. मी लाजून मरायचे. एकदाच, मी स्वतः घ्यायला सांगितलं, लेखी, तर घेतलं नाहीत.

मी ग्रामपंचायतीला वेगळं पत्र लिहिलंय, ते वाक्य माझ्या सहीने. तात्यांनी ते फळ्यावर लावायचं कबूल केलंय. दोन यजमानांनाही एकेक प्रत पाठवली आहे. पंगत परत मिळेल की नाही माहीत नाही. मिळाली तर बासुंदी पहाटे करायची, दुपारी वाढायची, उरली तर गुरांनाही नाही.

उद्या रविवार. मी सकाळच्या एसटीने येते. डॉक्टरांशी बोलले आहे, नखुरडं कापून घ्यावं लागेल. तुम्ही नको म्हणणार, ते मी आत्ताच ऐकलं असं समजा. तोवर लिंबू राहू द्या, निदान बोट झाकलेलं राहील.

तो दुसरा डबाही आणतेय. त्यातल्या डिंकाच्या लाडवांची नोंद कुठेच नाही, आणि आता नमुनाही उरलेला नाही. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात हातमोजे भरलेत, मोठ्या मापाचे. घातलेत तर घातलेत. मी या वेळी स्वयंपाकघरात, दार लावून सांगेन.

सृष्टी